वेड्यावाकड्या टेक्स्ट फाइलमधून नेमकी ग्रिड कशी बांधायची

हवामान, समुद्र, ओझोन, भूपृष्ठाची उंची अशा विषयांतला बराचसा जुना आणि मोलाचा डेटा आजही साध्या टेक्स्ट फाइलमध्ये मिळतो. त्यातून ग्रिड बांधायची असते, म्हणजे अक्षांश-रेखांशांच्या घरांचा तक्ता, प्रत्येक घरात एक मूल्य. फाइल उघडली की आकडे दिसतात, आणि आकडे दिसले की वाटतं, एका कमांडचं काम आहे. कमांड चालते, ॲरेही (रांगा-स्तंभांत मांडलेले आकडे) हातात येतो. खरा धोका तिथेच असतो. चुकीची वाचलेली फाइल बहुतेक वेळा एरर देत नाही, ती आकडेच देते. त्या आकड्यांची सरासरी निघते, नकाशाही निघतो आणि चूक निष्कर्षापर्यंत पोचते.

म्हणून या लेखात एकच आग्रह पुन्हा पुन्हा येईल: फाइलमधल्या प्रत्येक ओळीचा हिशेब लागला पाहिजे. जी ओळ तुमच्या समजुतीत बसत नाही, तिच्यापाशी प्रोग्रॅम थांबला पाहिजे. उदाहरणं पायथनच्या अंगाने दिली आहेत, पण आर, मॅटलॅब किंवा फोरट्रानमध्येही पायऱ्या याच राहतात.

पायरी पहिली: कोड लिहिण्याआधी फाइल मोजा

मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवा आणि ती फक्त वाचण्यापुरती उघडी ठेवा. स्प्रेडशीटमध्ये उघडून सेव्ह करू नका. स्प्रेडशीट केंद्रांच्या क्रमांकातली सुरुवातीची शून्यं खातं, काही आकड्यांच्या तारखा करून टाकतं आणि यातलं काहीही तुम्हाला विचारून करत नाही.

मग तीन गोष्टी मोजा. एकूण ओळी किती, प्रत्येक ओळीची लांबी किती अक्षरांची आणि स्पेसवर तोडल्यास प्रत्येक ओळीत तुकडे किती. नुसत्या संख्या पाहू नका, त्यांची वारंवारता काढा: अमुक लांबीच्या ओळी इतक्या, तमुक लांबीच्या तितक्या. लिनक्सवर ऑक, सॉर्ट आणि युनिक या तीन कमांड जोडल्या की हे एका ओळीत होतं, आणि पायथनमध्ये काउंटर वापरून तीन-चार ओळींत. माझ्या मते या कामातला हा सगळ्यात फायद्याचा वेळ आहे. फाइलची रचना तुम्हाला माहीत नसली तरी हा तक्ता ती सांगून टाकतो.

समजा बहुतेक ओळींची लांबी ७६ अक्षरं आहे आणि ठराविक अंतराने एक वेगळ्या लांबीची ओळ येते. म्हणजे लांब नोंद अनेक ओळींवर मोडून लिहिली आहे आणि शेवटची ओळ अर्धवट आहे. लांबी सगळीकडे सारखी, पण तुकड्यांची संख्या बदलते? मग रकाने ठराविक रुंदीचे आहेत आणि स्पेसवर तोडणं चुकीचं ठरेल. लांबी बदलते पण तुकडे कायम तेवढेच? मग स्पेसवर तोडायला बहुधा हरकत नाही. आणि लाखभर ओळींत एक-दोनच ओळी वेगळ्या निघाल्या, तर त्या काढून डोळ्यांनी पाहा. तिथे अर्धवट उतरलेली फाइल, मध्येच पुन्हा आलेला हेडर (डेटाच्या वर असणाऱ्या माहितीच्या ओळी) किंवा कुणीतरी हाताने केलेली दुरुस्ती सापडते.

न दिसणारी अक्षरं याच टप्प्यावर तपासा. हेक्सडम्पसारख्या साधनाने पहिले काहीशे बाइट पाहिले की कळतं. विंडोजवर बनलेल्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी एकाऐवजी दोन चिन्हं असतात, त्यामुळे लांबी एकाने वाढलेली दिसते. काही यूटीएफ-८ फाइलींच्या सुरुवातीला तीन बाइटची अदृश्य खूण असते आणि पहिल्या रकान्याचं नाव कधीच जुळत नाही. टॅब आणि स्पेस यांची सरमिसळ नेहमीची. पीडीएफ किंवा वेब पानावरून आलेल्या आकड्यांमध्ये उणे चिन्ह साध्या हायफनऐवजी वेगळंच असतं. दिसायला सारखं, पण संख्येत बदलताना अडतं. दशांशासाठी बिंदूऐवजी स्वल्पविराम वापरण्याची पद्धत अनेक देशांत आहे, तेही पाहून घ्या.

पायरी दुसरी: फाइलचा करार लिहून काढा

फाइलसोबत वर्णनाची फाइल असेल तर ती शेवटपर्यंत वाचा, आणि मग ती खरी आहे का हे फाइलवर ताडून पाहा. वर्णन आणि फाइल यांच्यात फरक असतो, विशेषतः अनेक आवृत्त्या निघालेल्या डेटात. मग एका कागदावर किंवा कोडच्या सुरुवातीच्या टिप्पणीत सगळं लिहा: हेडरच्या ओळी किती, रकान्याची रुंदी किती, एका ओळीत किती मूल्यं, एका अक्षांशाला किती ओळी, पहिली रांग उत्तरेची की दक्षिणेची, पहिला रेखांश कुठला, दिलेले अक्षांश-रेखांश घराच्या मध्याचे की कोपऱ्याचे, एकक काय, गुणक काय, गहाळ मूल्य कसं लिहिलंय.

या यादीतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर अंदाजाने भरू नका. हे प्रश्न किती खरे आहेत ते दोन प्रसिद्ध डेटासेट शेजारी ठेवले की कळतं. ब्रिटनच्या हॅडली सेंटरच्या हॅडआयएसएसटी या समुद्रपृष्ठ-तापमानाच्या टेक्स्ट फाइलमध्ये प्रत्येक महिन्याचा एक गठ्ठा असतो: वर एक हेडरची ओळ, खाली १८० रांगा आणि ३६० स्तंभ, सुरुवात उत्तर ध्रुवाकडून. नासाच्या टॉम्स या ओझोन मोजणाऱ्या उपकरणाच्या दैनिक फाइलमध्येही १८० अक्षांश आहेत, पण सुरुवात दक्षिण ध्रुवाकडून. एकासाठी लिहिलेला कोड दुसऱ्याला लावला तर पृथ्वी उलटी होईल आणि प्रोग्रॅम एक शब्दही बोलणार नाही.

पायरी तिसरी: चिकटलेले आकडे

जुने वैज्ञानिक प्रोग्रॅम फोरट्रानमध्ये लिहिलेले असत आणि फोरट्रान आकडे ठराविक रुंदीत छापतं. दोन आकड्यांमध्ये स्पेस असेलच असं नाही. हॅडआयएसएसटीमध्ये प्रत्येक मूल्याला सहा अक्षरं दिली आहेत आणि जमिनीसाठी -३२७६८ हा आकडा वापरला आहे. तो उणे चिन्हासकट बरोबर सहा अक्षरांचा. त्यामुळे खंडांवरून जाणारी ओळ अशी दिसते:

-३२७६८-३२७६८-३२७६८-३२७६८  १४५२  १४६०

स्पेसवर तोडलं तर इथे सहाऐवजी तीनच तुकडे मिळतात. सहा-सहा अक्षरांनी तोडलं तर सगळं जागच्या जागी येतं. नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीतल्या जेनफ्रॉमटेक्स्ट फंक्शनला विभाजक म्हणून चिन्हाऐवजी रुंदीचा आकडा किंवा रुंदींची यादी देता येते. पांडाज या तक्त्यांसाठीच्या लायब्ररीमध्ये यासाठी वेगळं फंक्शन आहे, रीड-एफडब्ल्यूएफ. ते रकाने आपोआप ओळखायला जातं, पण त्यासाठी फक्त पहिल्या शंभर ओळी पाहतं. पुढे जास्त रुंद आकडा आला तर तो कापला जाईल. म्हणून रकान्यांच्या हद्दी स्वतःच द्या.

फोरट्रानच्या आणखी चार सवयी माहीत असाव्यात. आकडा दिलेल्या रुंदीत मावला नाही तर त्या जागी तारांकनं छापली जातात. ते मूल्य हरवलेलं आहे, शून्य नाही. दुहेरी अचूकतेच्या आकड्यात घातांकासाठी नेहमीच्या ई या अक्षराऐवजी डी येतो आणि पायथनला तो कळत नाही, आधी बदलून घ्यावा लागतो. घातांक तीन अंकी झाला तर ते अक्षरच गायब होतं आणि १.२३४-१०५ असं काहीतरी उरतं. हा एकच आकडा आहे, वजाबाकी नाही. आणि काही फाइलींत दशांश बिंदू छापलेलाच नसतो. फॉरमॅटमध्ये तीन दशांश स्थानं ठरलेली असतील तर १२३४५ म्हणजे १२.३४५.

पायरी चौथी: मोडलेल्या नोंदी, टॉम्सच्या फाइलवर

आता एक फाइल जवळून पाहू. टॉम्सची ओझोन फाइल हा या विषयातला उत्तम धडा आहे, कारण तिच्यात जवळजवळ सगळ्या अडचणी एकत्र येतात. अक्षांशाचं पाऊल १ अंश, रेखांशाचं १.२५ अंश, म्हणजे १८० रांगा आणि २८८ स्तंभ. रेखांश १७९.३७५ पश्चिमपासून १७९.३७५ पूर्वपर्यंत. सुरुवातीला तीन ओळींचा हेडर. त्यानंतर प्रत्येक ओळीत पहिलं अक्षर रिकामं आणि मग तीन-तीन अक्षरांचे पंचवीस आकडे, मध्ये काहीही अंतर नाही. २८८ ला २५ ने भागलं तर अकरा पूर्ण ओळी होतात आणि तेरा आकडे उरतात. बाराव्या ओळीवर हे तेरा आकडे आणि त्यांच्यामागे अक्षांशाची खूण, ‘लॅट = -८९.५’ अशी. म्हणजे ती रांग कोणत्या अक्षांशाची हे रांग संपल्यावर कळतं.

हिशेब करून ठेवू: १८० गुणिले १२ म्हणजे २,१६० ओळी, अधिक हेडरच्या ३, एकूण २,१६३. मूल्यं १८० गुणिले २८८, म्हणजे ५१,८४०. हे दोन आकडे कोडमध्ये लिहून ठेवायचे.

स्पेसवर तोडल्यावर काय होतं ते पाहण्यासारखं आहे. या फाइलमध्ये गहाळ मूल्य म्हणजे शून्य. ध्रुवीय रात्रीच्या भागात सूर्यप्रकाश नसल्यामुळे मोजमापच होत नाही, त्यामुळे तिथल्या ओळीत नुसती शून्यं असतात. प्रत्येक शून्य तीन अक्षरांच्या जागेत उजवीकडे सरकवलेलं, म्हणजे आधी दोन स्पेस. अशी ओळ तोडली तर व्यवस्थित पंचवीस तुकडे मिळतात. फाइलच्या सुरुवातीच्याच काही ओळी पाहून कोड लिहिणाऱ्याला सगळं बरोबर वाटतं. थोडं पुढे गेलं की आकडे तीन अंकी होतात आणि पूर्ण ओळीचा पंचाहत्तर अंकी एकच आकडा बनतो. पायथन तो आनंदाने स्वीकारतं, कारण पंचाहत्तर अंकी संख्या त्याच्या दृष्टीने वैध आहे.

त्याहून बारीक अडचण ओझोन छिद्राच्या आत आहे. ओझोन १०० डॉबसन युनिटच्या (ओझोन मोजण्याचं एकक) खाली गेलं की आकडा दोन अंकी होतो आणि ओळीच्या मधोमध एक स्पेस येते:

 १०४१०१ ९८ ९६ ९७१०२१०५

अंटार्क्टिकावर इतकी कमी मूल्यं प्रत्यक्षात मिळाली आहेत. ३० सप्टेंबर १९९४ रोजी नोंदलेला नीचांक ७३ डॉबसन युनिट होता. म्हणजे ज्या जागेसाठी हा डेटा जगभर वापरला गेला, नेमक्या त्याच जागी निष्काळजी कोड फुटतो.

अशा फाइलसाठी तयार फंक्शन शोधत बसण्यापेक्षा वीस ओळींचा स्वतःचा वाचक लिहावा. एकेक ओळ वाचायची, आकडे साठ्यात टाकायचे, खूण दिसली की साठा मोजायचा आणि मगच ग्रिडमध्ये ठेवायचा:

ग्रिड: १८० × २८८, प्रत्येक घरात ‘गहाळ’
साठा: रिकामा
चौथ्या ओळीपासून प्रत्येक ओळीसाठी
— ओळीच्या शेवटचं नवी-ओळ चिन्ह काढा, सुरुवातीच्या स्पेसना हात लावू नका
— अक्षांशाची खूण असेल तर ओळ खुणेपाशी तोडा: डावीकडे आकडे (मागच्या स्पेस काढून), उजवीकडे अक्षांश
— पहिलं अक्षर रिकामं नसेल तर ओळ क्रमांक सांगून थांबा
— उरलेली अक्षरं तीनने भागली जात नसतील तर थांबा
— तीन-तीन अक्षरांचे तुकडे पूर्णांकात बदलून साठ्यात टाका
— खूण होती तर: साठ्यात नेमकी २८८ मूल्यं नसतील तर थांबा; रांग = अक्षांश + ८९.५, ती रांग आधीच भरली असेल तर थांबा, रांग भरा, साठा रिकामा करा
शेवटी: साठा रिकामा आहे ना, १८० रांगा भरल्या ना, नसेल तर थांबा

पहिल्याच सूचनेकडे लक्ष द्या. ओळ वाचल्यावर स्ट्रिप फंक्शन लावायची सवय हाताला असते. ते दोन्ही बाजूंच्या स्पेस काढतं, आणि ठराविक रुंदीच्या फाइलमध्ये डावीकडची स्पेस हा डेटाचाच भाग असतो. ती गेली की सगळे रकाने सरकतात.

ग्रिडची सुरुवात शून्यांनी न करता ‘गहाळ’ या मूल्याने करायची हेही मुद्दाम. एखादी रांग भरायची राहून गेली तर ती गहाळ दिसेल. शून्यांनी सुरुवात केली असती तर ती मोजमापासारखी दिसली असती.

पायरी पाचवी: गहाळ मूल्यं

गहाळ मूल्याचा आकडा प्रत्येक डेटासेटचा आपापला असतो. काही ठिकाणी -९९९९, काही ठिकाणी -९९.९, टॉम्समध्ये शून्य. हॅडआयएसएसटीमध्ये तर दोन वेगळे खास आकडे आहेत: -३२७६८ म्हणजे जमीन आणि -१००० म्हणजे पूर्ण बर्फाने झाकलेलं घर. मूल्यं अंशाच्या शंभराव्या भागात दिली आहेत, म्हणून शंभराने भागावं लागतं. पहिला आकडा काढायला विसरलात तर -३२७.६८ अंश सेल्सियस मिळेल. ते निरपेक्ष शून्याच्याही खाली आहे, म्हणजे चूक लगेच पकडली जाईल. दुसरा विसरलात तर मिळेल -१०.०० अंश, आणि ते कुठल्याही थंड प्रदेशाचं तापमान वाटू शकतं. समुद्राचं पाणी मात्र साधारण -१.८ अंशाला गोठतं, म्हणून -१० हे समुद्राचं तापमान असूच शकत नाही. किमान आणि कमाल मूल्य तपासताना भौतिक मर्यादा हाताशी लागते ती यासाठी.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी गहाळ मूल्यं काढायची, नंतर गुणक लावायचा. उलट केलं तर -९९९९ चं -९९९.९ होतं आणि तुमची तुलना त्याला ओळखत नाही.

आता तयार फंक्शनांबद्दल एक गंभीर इशारा. नमपायच्या जेनफ्रॉमटेक्स्टला एखादा तुकडा आकड्यात बदलता आला नाही, तर ते मूळ सेटिंगमध्ये तिथे गुपचूप ‘नॅन’ (‘आकडा नाही’ अशी खूण) ठेवतं. पांडाजमध्ये आकड्यात बदलताना चुका ‘कोअर्स’ करायला (जबरदस्तीने बदलायला) सांगितलं तरी तेच होतं. म्हणजे तारांकनं, डी घातांक, चिकटलेले आकडे, छपाईतली चूक, सगळं एकाच गहाळ मूल्यात मिसळून जातं. खरोखर न झालेलं मोजमाप आणि तुम्हाला वाचता न आलेलं मोजमाप यांत फरक ठेवायलाच हवा. नमपायचंच लोडटेक्स्ट अशा वेळी एरर देतं, म्हणून सुरुवात त्याने करावी. जेनफ्रॉमटेक्स्ट वापरायचंच असेल तर गहाळ मूल्यांची तुमच्या वाचनातली संख्या आणि मूळ फाइलमध्ये गहाळ-खुणा मोजून आलेली संख्या यांची गाठ घालून पाहा. त्या तंतोतंत जुळल्या पाहिजेत. पांडाज स्वतःहूनही काही शब्द गहाळ मानतं. त्यात ‘एनए’ ही दोन अक्षरं आहेत आणि तोच नामिबियाचा देश-कोड आहे, म्हणून मजकुराच्या रकान्यांसाठी ही सोय बंद ठेवा.

गुणवत्तेच्या खुणा असलेल्या डेटात एक पाऊल पुढे जावं लागतं. अमेरिकेच्या एनओएए या हवामान-समुद्रविषयक संस्थेचा जीएचसीएन-डेली हा केंद्रनिहाय दैनिक डेटा घ्या. एका ओळीत एका केंद्राचा, एका घटकाचा, एक महिना. पहिली अकरा अक्षरं केंद्राचा क्रमांक, मग चार वर्षाची, दोन महिन्याची, चार घटकाच्या नावाची. त्यानंतर ३१ गट, प्रत्येक गटात पाच अक्षरांचं मूल्य आणि एकेका अक्षराच्या तीन खुणा. एकूण २६९ अक्षरं. महिना कोणताही असो, गट ३१ च. फेब्रुवारीच्या ३० तारखेला -९९९९ असतं. ते गहाळ मोजमाप नव्हे, तो दिवसच नाही. उपलब्धतेची टक्केवारी काढताना हा फरक विसरला तर प्रत्येक फेब्रुवारी खराब दिसेल. खुणा बहुतेक वेळा रिकाम्या असतात, त्यामुळे स्पेसवर तोडलं की रकाने कधी इकडे कधी तिकडे जातात. तापमान अंशाच्या दहाव्या भागात आहे: -११ म्हणजे -१.१ अंश.

गुणवत्तेची खूण मूल्यासोबत वेगळ्या ॲरेमध्ये जपून ठेवा. खूण दिसली म्हणून मूल्य वाचतानाच टाकून देऊ नका. निंबस-७ उपग्रहावरच्या टॉम्सच्या प्रक्रियेत १८० डॉबसन युनिटच्या खालच्या मूल्यांना संशयास्पद अशी खूण लावली जात असे. १९८५ मध्ये फारमन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या घटीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला तो जमिनीवरच्या उपकरणांच्या जोरावर. उपग्रहाची ती कमी मूल्यं पुसून टाकलेली नव्हती, नुसती खूण लावलेली होती, म्हणूनच त्यांच्याकडे परत जाता आलं आणि छिद्राचा विस्तार नकाशावर दाखवता आला.

पायरी सहावी: मूल्यं घरात ठेवणं

फाइलमधला क्रम नीट असला तर रीशेप (आकड्यांची सलग यादी रांगा-स्तंभांत मांडणं) पुरतो, पण त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. ७२ स्तंभ आणि ३६ रांगांची २,५९२ मूल्यं ३६ × ७२ मध्येही बसतात आणि ७२ × ३६ मध्येही. फोरट्रान पहिला निर्देशांक आधी फिरवतं, नमपाय शेवटचा. आकार जुळला याचा अर्थ जागा जुळली असा होत नाही.

ज्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीवर रेखांश, अक्षांश आणि मूल्य दिलेलं असतं, तिथे क्रमावर अवलंबून राहायचंच नाही. निर्देशांक गणिताने काढा: रेखांशातून पहिला रेखांश वजा करा, पावलाने भागा, जवळच्या पूर्णांकात बदला. बदलण्याआधीचा आणि नंतरचा आकडा यांत किती फरक आहे तेही तपासा. फरक नगण्य नसेल तर तो बिंदू तुमच्या ग्रिडचा नाही. अपूर्णांक थेट बरोबरीच्या चिन्हाने जुळवू नका, ०.१ सारखं पाऊल संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमकं मावत नाही. याच कारणाने अपूर्णांकी पाऊल देऊन नमपायच्या अरेंज फंक्शनने अक्ष बनवला तर कधीकधी शेवटी एक घर जास्त येतं. पहिलं मूल्य अधिक क्रमांक गुणिले पाऊल, असा अक्ष बनवणं सुरक्षित.

घराचा मध्य आणि कोपरा यांचा गोंधळ फार फसवा आहे, कारण नकाशा अर्ध्या घराने सरकतो आणि डोळ्यांना कळत नाही. एसरी या नकाशा-सॉफ्टवेअर कंपनीच्या आस्की ग्रिड या टेक्स्ट फॉरमॅटमध्ये हेडरमध्ये स्तंभ, रांगा, डावा-खालचा कोपरा, घराचा आकार आणि गहाळ मूल्य असतं. कोपरा खालचा, पण आकड्यांची पहिली रांग मात्र सगळ्यात वरची. म्हणजे पहिल्या रांगेच्या मध्याचा अक्षांश = कोपऱ्याचा अक्षांश + (रांगा − ०.५) × घराचा आकार. हेडरमध्ये कोपऱ्याऐवजी घराच्या मध्याचा उल्लेखही असू शकतो, म्हणून शब्द नीट वाचा. आणि या फॉरमॅटमध्ये रांग कुठे संपते हे स्तंभांच्या संख्येवरून ठरतं, ओळ कुठे तुटली यावरून नाही.

रेखांश ० ते ३६० आहेत की -१८० ते १८०, हेही इथेच एकसारखं करून घ्या आणि अक्ष चढत्या क्रमाने लावा. अक्ष बदलताना मूल्यंही त्याच क्रमाने हलवायला हवीत. एक्सॲरे ही पायथनची लायब्ररी वापरली तर अक्षाची नावं मूल्यांना चिकटलेली राहतात आणि ही चूक करणं अवघड होतं.

बिंदू विखुरलेले असतील तर

जहाजांची निरीक्षणं, बोयी (समुद्रात तरंगणारी मोजमाप-उपकरणं), हवामान केंद्रं यांचे बिंदू ग्रिडवर बसलेले नसतात. इथे दोन मार्ग आहेत आणि ते एकमेकांना पर्याय नाहीत. पहिला, प्रत्येक घरात पडलेल्या बिंदूंची सरासरी. दुसरा, अंतर्वेशन, म्हणजे मधल्या जागांसाठी अंदाज. मी नेहमी पहिल्यापासून सुरुवात करावी असं सांगेन, कारण त्यात डेटा नाही तिथे रिकामं दिसतं. सोबत प्रत्येक घरात किती बिंदू आले याचा वेगळा ॲरे ठेवायचाच. एका बिंदूवरची सरासरी आणि पाचशे बिंदूंवरची सरासरी एकाच रंगात दाखवणं प्रामाणिक नाही.

बेरीज करताना नमपायचा एक खाचखळगा लक्षात ठेवा. निर्देशांकांची यादी देऊन ‘अधिक-बरोबर’ केलं तर एकाच घरात आलेल्या अनेक बिंदूंपैकी एकच धरला जातो. त्यासाठी ॲड-ॲट नावाची सोय आहे, किंवा सायपाय या वैज्ञानिक लायब्ररीमधलं बिन्ड-स्टॅटिस्टिक-टूडी वापरा.

अंतर्वेशन करायचं असेल तर सायपायच्या ग्रिडडेटामध्ये रेषीय पद्धत बिंदूंच्या बाहेरच्या वेढ्यापलीकडे काहीच देत नाही, तर ‘निकटतम’ पद्धत कितीही दूरचं घर भरून टाकते. दुसरी पद्धत वापरली तर अंतराची मर्यादा स्वतः घाला. १८० अंश रेखांशाच्या शिवणीवर शेजारचे बिंदू गणिताला दूरचे वाटतात. तिथे दोन्ही कडांचे थोडे बिंदू पलीकडे ३६० अंश मिळवून किंवा वजा करून पुन्हा जोडावे लागतात.

पायरी सातवी: ग्रिड खरी आहे याची खात्री

पहिली तपासणी सगळ्यात कडक आहे आणि फार थोडे लोक ती करतात: ग्रिड परत त्याच फॉरमॅटमध्ये टेक्स्ट फाइल म्हणून लिहा आणि मूळ फाइलशी तुलना करा. ठराविक रुंदीच्या फाइलसाठी हेडर सोडला तर दोन्ही अक्षर न अक्षर जुळायला हव्यात. पण ही तपासणी फक्त वाचन खरं असल्याचं सांगते, दिशा नाही. वाचणारा आणि लिहिणारा दोघंही तुमच्याच गैरसमजावर चालत असतील तर फाइल जुळेल आणि पृथ्वी उलटीच राहील.

दिशेसाठी नकाशा काढा आणि त्यावर किनारपट्टी टाका. समुद्राच्या डेटातली गहाळ घरं खंडांवर पडली पाहिजेत. आफ्रिका आडवी झाली असेल तर अक्षांची अदलाबदल झाली आहे. किनारा सगळीकडे सारखाच एका बाजूला सरकला असेल तर मध्य-कोपऱ्याचा घोळ आहे. जागतिक नकाशावर अर्धं घर दिसत नाही, म्हणून एखाद्या लहान बेटापाशी किंवा अरुंद सामुद्रधुनीपाशी जाऊन पाहा. ओझोनसारख्या डेटात किनारा दिसत नाही, तिथे हंगामाची मदत होते: ऑक्टोबरमधलं छिद्र दक्षिण ध्रुवावर असलं पाहिजे.

तिसरी तपासणी म्हणजे फाइलमधली तीन-चार मूल्यं हाताने शोधून ग्रिडमधल्या त्याच जागेशी जुळवणं. पहिलं आणि शेवटचं घर घ्याच, आणि एक मधलं असं निवडा की ते ओळ मोडते तिथे येईल. टॉम्समध्ये पंचविसावं आणि सव्विसावं मूल्य. तिथे एका जागेने सरकल्याची चूक लगेच उघडी पडते.

पायरी आठवी: साठवण

टेक्स्ट फाइल पुन्हा पुन्हा वाचायची नाही. एकदा वाचलेली, तपासलेली ग्रिड नेटसीडीएफ या वैज्ञानिक डेटाच्या फाइल-फॉरमॅटमध्ये साठवा. सीएफ संकेतांनुसार (अशा फाइलींत माहिती लिहिण्याचे सर्वमान्य नियम) अक्षांची नावं, एककं, गहाळ मूल्य आणि वेळेचा आधार फाइलमध्येच लिहा, म्हणजे दुसऱ्या कुणाला तुमच्याकडे विचारणा करावी लागणार नाही. गुणवत्तेच्या खुणा आणि बिंदूंची संख्या वेगळी चलं म्हणून त्याच फाइलमध्ये ठेवा. इतिहासाच्या नोंदीत मूळ फाइलचं नाव, तिचा चेकसम (फाइल बदलली नाही हे तपासायचा आकडा) आणि वाचणाऱ्या कोडची आवृत्ती लिहा.

मूळ फाइलचा एक छोटा तुकडा, म्हणजे हेडर, एक पूर्ण रांग, गहाळ मूल्यं असलेली एक रांग आणि दोन अंकी मूल्यं असलेली एक रांग, कोडसोबत चाचणीसाठी ठेवून द्या. त्याच्याच शेजारी मुद्दाम बिघडवलेल्या दोन-तीन प्रती ठेवा: एकीत एक आकडा कमी, दुसरीत तारांकनं, तिसरीत खुणेची ओळ गायब. कोड पहिला तुकडा वाचतो आणि उरलेल्या प्रत्येक प्रतीवर योग्य ओळ क्रमांक सांगून थांबतो, हे पाहिल्यावरच तो बाकीच्या वर्षांच्या फाइलींवर सोडा.